खिरीच्या दुसऱ्या दिवशी

आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. ते सुरू होतं चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि संपतं बुद्ध पौर्णिमेच्या खिरीला. मधले तीन-चार आठवडे आमची गायन पार्टी घरी नसतेच. आज हुपरी, उद्या गारगोटी, परवा कर्नाटकाच्या हद्दीवरचं एखादं खेडं, जिथं आभारप्रदर्शन मराठीत होतं आणि भांडणं कानडीत. गावोगावच्या जयंत्या एकाच दिवशी नसतात, आळीपाळीनं होतात, म्हणून तर आमचं पोट चालतं. उरलेलं वर्ष म्हणजे कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आणि बाकी घरात बसून छताचे पत्रे मोजणं. मी गाते. माझा नवरा ढोलकी वाजवायचा. समोर असताना मी त्याला 'अवो' याशिवाय हाक मारली नाही, लिहिताना मात्र तो 'तो'च होतो, इलाज नाही.

पौर्णिमेला पार्टीतले सगळे आमच्या घरी जमायचे. कोल्हापुरातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड, पण त्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसे. सकाळी वंदना व्हायची आणि मग शेडमध्ये मोठ्या पातेल्यात खीर. ती ढवळायचा मान माझ्या नवऱ्यानं कधी कुणाला दिला नाही. ढोलकीवाल्याच्या हाताला लय असते, त्यामुळं खीर खाली लागत नाही, असं त्याचं म्हणणं. दर वर्षी लागायची. ती करपट खीर आम्ही गोड मानून खायचो आणि दुसऱ्या दिवशी सीझनचा हिशेब व्हायचा. ज्याचं त्याला दिलं जायचं आणि वर्षभराची तुंबलेली देणी त्याच दिवशी निघायची, घरफाळ्यापासून ढोलकीच्या चामड्याच्या नव्या पानांपर्यंत. 'कधी देणार?' म्हणून कुणी विचारलं तर पार्टीतल्या प्रत्येकाचं उत्तर एकच, 'खिरीच्या दुसऱ्या दिवशी.' आमचा किराणावाला हे उत्तर ऐकून नुसती मान डोलवायचा, त्याला आमचं वर्ष ठाऊक होतं.

आमच्या पार्टीत एक पेटीवाले होते. नवऱ्यापेक्षा वयानं मोठे, दोघांची जोडी माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. त्यांच्या किडन्या बिघडल्या तेव्हा आम्ही कलावंत नेहमी जे करतो तेच केलं. कार्यक्रम मध्येच थांबवला, माईकवरून सांगितलं आणि दोघांनी उपरण्याची झोळी धरून ती लोकांतून फिरवली. लोक देतात. आमचे लोक फार देतात, उद्याच्या बसच्या भाड्याची पंचाईत असली तरी देतात. पण लोकांना दिसावं म्हणून पेटीवाल्यांना त्या दिवशी स्टेजवर खुर्ची टाकून बसवलं होतं, आणि झोळी परत येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्या कार्यक्रमाहून परतताना टेम्पोत माझा नवरा म्हणाला, "माझ्यासाठी झोळी फिरवायची न्हाय. ज्या स्टेजवर मी बोटं फोडून घेतली, त्या स्टेजवर माझ्या नावानं हात पसरायचं न्हाईत. मेलो तरी चालंल. कळ्ळं न्हवं?"

मी म्हटलं, "मरायचं कशाला बोलताय? मेडिक्लेम काढा की."

मी सहज बोलून गेले होते. तो मात्र हात धुऊन त्याच्या मागं लागला.

ढोलकीवाल्यानं मेडिक्लेम मागायला जाणं ही एक बघण्यासारखी गोष्ट असते. पहिल्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "काय करता?" हा म्हणाला, "ढोलकी वाजवतो." साहेब म्हणाले, "ते झालं हो, पण काम काय करता?" घरी आल्यावर दोन दिवस त्यानं ढोलकीला हात लावला नाही. दुसऱ्या ठिकाणी पगाराची पावती मागितली. तिसऱ्यानं विमा द्यायची तयारी दाखवली, पण त्याचा हप्ता ऐकून आम्ही समोर ठेवलेला चहासुद्धा न पिता उठलो. मग कलाकारांच्या एका संघटनेनं सगळ्यांची एकत्र पॉलिसी काढायची टूम काढली. नावं गोळा झाली, फोटो काढले, पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं, हार-तुरे झाले. पॉलिसी तेवढी आली नाही.

आमच्या कोरसमधला एक जण, माझ्यापेक्षा चांगल्या आवाजाचा, याच सुमारास शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागला. पगार काही फार नव्हता, पण ईएसआयचं कार्ड होतं. बायकोचं बाळंतपण, आईचा मोतीबिंदू, सगळं त्या कार्डावर झालं. सुट्टी मिळाली तर तो अजून गायला यायचा, पण खोकत यायचा. नवरा त्याच्याकडं बघून मला हळूच म्हणायचा, "ह्यानं गळा दिला आन् कार्ड घेतलं बघ." त्यात चेष्टा होती आणि हेवाही होता. काही दिवस तर तो स्वतःच फाउंड्रीत जायच्या गोष्टी बोलायला लागला होता. मी त्याला कडाडून विरोध केला, कारण लोखंड उचलून उचलून बोटं एकदा जाडी झाली की ढोलकीवर पुन्हा तशी पडत नाहीत.

शेवटी मेडिक्लेम मिळाला तो श्रोत्यांतून. एक निवृत्त शिक्षिका आमच्या कार्यक्रमांना नेहमी पुढच्या रांगेत बसायच्या. पेन्शनीबरोबर विम्याची एजन्सीही करायच्या, हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "स्वतःचा व्यवसाय असं लिहायचं. खोटं काय आहे त्यात?" आजवर कुणी आमच्या वाजवण्याला व्यवसाय म्हटलं नव्हतं. हप्ताही आवाक्यातला निघाला. तपासण्या झाल्या. छातीची पट्टी बघून डॉक्टर हसून म्हणाले, "ठेका चांगला आहे." हे वाक्य त्यानं भेटेल त्याला सांगितलं, रिक्षावाल्यालासुद्धा.

पैसे अर्थातच खिरीच्या दुसऱ्या दिवशी भरले.

कार्ड आलं तेव्हा त्यानं ते पाकिटात ठेवलं नाही. ढोलकीच्या गवसणीला आतून एक कप्पा शिवून घेतला आणि त्यात ठेवलं. कार्यक्रमाला ढोलकी बाहेर काढताना आधी कार्ड काढायचा, कपाळाला लावायचा आणि परत ठेवायचा. पार्टीतले हसायचे. तो म्हणायचा, "हसा लेकानो. झोळी फिरंल तवा कळंल."

त्याच पावसाळ्यात अधिक महिना आला. पंचांगात दर दोन-तीन वर्षांनी असा एक जास्तीचा महिना घुसतो. पलीकडच्या गल्लीत जावई येऊन अनारसे खाऊन, ताटं-वाट्या घेऊन जात होते. आमच्यात अधिक महिना पाळत नाहीत. आजोबांच्या पिढीनं धर्मांतर केलं तेव्हा पंचांग, मुहूर्त, राशी, सगळं घराबाहेर काढलं, आणि बरं केलं. त्यामुळं त्या महिन्याचं आम्हाला एवढंच जाणवलं की रिकामं बसायचे दिवस जरा लांबले. पण पौर्णिमा आम्ही ठेवली होती. ती आमची होती. ती पौर्णिमाही त्याच पंचांगाच्या चालीनं चालते, हे कुणाच्या मनात येणार?

त्या जास्तीच्या महिन्यामुळं पुढल्या वर्षी बुद्ध पौर्णिमा बरीच उशिरा आली, मे महिना सरत आल्यावर. जयंतीची तारीख इंग्रजी, ती जागची हलत नाही. म्हणजे आमचा सीझन दोन्ही टोकांच्या मध्ये ताणला गेला. आम्ही खूश होतो. सुपाऱ्या येतच होत्या. नवरा म्हणायचा, "आवंदा खिरीत काजू घालायचा."

मेडिक्लेमचं वर्ष मात्र इंग्रजी तारखेनं मेच्या सुरुवातीलाच संपून गेलं होतं. फोनवर संदेश आले असणार. इंग्रजीतला संदेश म्हणजे कुणीतरी कर्ज देऊ करतंय, असं समजून तो ते पुसून टाकायचा. एजंटबाई सुट्टीत लेकीकडं पुण्याला गेल्या होत्या. आणि आमच्या डोक्यात हिशेब अगदी पक्का होता. खिरीच्या दुसऱ्या दिवशी काढलाय, खिरीच्या दुसऱ्या दिवशी भरायचा. आमच्या पार्टीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

काही दिवस त्याचा डावा हात दुखत होता. सीझनमध्ये ढोलकीवाल्याचा हात दुखतोच, त्यात नवं ते काय? मी तेल चोळायची आणि तो डोळे मिटून म्हणायचा, "जरा वर. आणि जरा वर." पौर्णिमा आठवड्यावर आली असताना एका सकाळी तो शेडमध्ये ढोलकीची दोरी ताणायला बसला. ओढलेली दोरी त्याच्या हातातून सुटली. मी बाहेर आले तर तो भिंतीला टेकून बसला होता, घामानं थबथबलेला, आणि ढोलकी उताराला लागून दारापर्यंत गेली होती.

सरकारी दवाखाना जवळ होता. रिक्षावाल्यानं तिकडं वळवलीसुद्धा. नवऱ्यानं मागून त्याचा खांदा धरला. "तिकडं न्हाय. मोठ्या दवाखान्यात घ्या. कार्ड हाय माझ्याकडं." गवसणी त्यानं छातीशी धरली होती. कार्ड नसतं तर आम्ही त्या मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिलो नसतो, हे मला नंतर किती वेळा आठवलं म्हणून सांगू.

त्याला आत नेलं. काउंटरवरच्या मुलीनं कार्डावरचा नंबर घातला, पडद्याकडं बघितलं, पुन्हा घातला. म्हणाली, "काकू, ही पॉलिसी संपलीय."

मी म्हटलं, "आवं बाई, संपंल कशी? आजून पौर्णिमा कुठं झालीया?"

तिनं माझ्याकडं बघितलं. धक्क्यानं बाई काहीबाही बोलायला लागलीय, असं तिला वाटलं असावं. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. तारीख होऊन गेलीय. अजून काही दिवस भरायला मुभा आहे, भरलंत तर पॉलिसी जिवंत राहील. पण मधल्या दिवसांत जे झालं त्याचे पैसे मिळत नाहीत. ती नीट बोलत होती, तिच्यावर मी कशी चिडणार? मी चिडले ते तिच्या मागच्या कॅलेंडरवर. प्रत्येक चौकोनात मोठ्या आकड्यात तारीख आणि खाली बारीक अक्षरात तिथी. सगळा जन्म मी त्या चौकोनांत फक्त खालचं वाचत आले होते.

सरकारी योजना त्या दवाखान्यात चालत नव्हती. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी आत्ताच्या आत्ता उघडायला हवी, हलवायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर. मी सही केली आणि गळ्यातलं काढून दिलं. ते सुरुवातीपुरतं पुरलं.

दोन-तीन दिवसांनी फाउंड्रीतला आमचा गायक दवाखान्यात आला. पौर्णिमेचा कार्यक्रम हुपरीला ठरलेला होता. जिन्याखाली उभा राहून तो माझ्याशी बोलला. "वैनी, दादा काय म्हणालतं ते मला ठावं हाय. मी बी त्याच टेम्पोत व्हतो. पर आता दुसरी वाट न्हाय. तुमी नुसतं व्हय म्हणा, बाकीचं आमी बगतो."

मी 'व्हय' म्हटलं. नवऱ्याच्या शब्दापेक्षा मला तो हवा होता. मला त्याचा पश्चात्ताप आजही नाही. रडू मात्र आजही येतं.

त्या पौर्णिमेला आमच्या शेडमध्ये पातेलं चढलं नाही. मी हुपरीला गेले आणि गायले. ढोलकीवर दुसऱ्या पार्टीतला वादक होता, हात चांगला होता त्याचा, पण समेवर यायच्या आधी माझा नवरा माझ्याकडं बघायचा तसा तो बघत नव्हता, आणि मी दोनदा चुकले. मग गाणं थांबवून आमच्या गायकानं माईक घेतला. त्यानं नवऱ्याचं नाव घेतलं आणि झोळी खाली उतरली. मी स्टेजवर उभी होते. पेटीवाल्यांनी मान का वर केली नव्हती ते मला तेव्हा कळलं.

हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण करतात. पुढच्या रांगेतली एक बाई झोळी आली तशी उठली आणि कमरेच्या पिशवीतून पैंजणांचा जोड काढून तिनं आत टाकला. पॉलिश व्हायचं राहिलेला, घुंगरं न लावलेला. मग स्टेजजवळ येऊन वर बघत मला म्हणाली, "ढोलकी बंद पडाय नगं, वैनी." तिचं स्वतःचं पोट त्या पैंजणांच्या मजुरीवर होतं, हे तिच्या हातांवरून दिसत होतं.

झोळीतल्या पैशातून मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर मेडिक्लेमचा हप्ता भरला. औषधवाला नंतर, दवाखाना नंतर. लोकांना वाटलं मला वेड लागलंय. मुदत अजून थोडी शिल्लक होती आणि ते कार्ड मेलेलं त्याच्या हातात परत द्यायला माझं मन होईना.

तो नीट बोलायला लागला तेव्हा त्यानं पहिलं हेच विचारलं. "पैसं कसं केलंस?"

मी सलाइनच्या बाटलीकडं बघत म्हटलं, "कार्ड चाललं की."

त्यानं डोळे मिटले. चेहरा असा सैल झाला की किती दिवसांत मी तो तसा बघितला नव्हता. म्हणाला, "बगितलंस? झोळी फिरवायची पाळी आनली न्हाय मी तुज्यावर."

गळ्यातलं कुठं गेलं ते त्यानं विचारलं नाही. दवाखान्यात चोऱ्या होतात म्हणून काढून ठेवलंय, असं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

त्याचं हृदय वाचलं, पण अर्धंमुर्धं. ढोलकी वाजवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तो कार्यक्रमांना येऊन स्टेजच्या कडेला बसायचा आणि मांडीवर दोन बोटांनी ठेका धरायचा. पण बाकी त्याला एक नवंच काम मिळालं होतं. दिसेल त्या कलाकाराला तो मेडिक्लेम काढायला लावायचा. पेटीवाला, शाहीर, बँडवाला, कुणालाही सोडायचा नाही. "माझं बगा. एक रुपाया कुणाकडं मागितला न्हाय." समोरच्यानं हुपरीच्या झोळीत स्वतः नोट टाकलेली असायची. तो म्हणायचा, "व्हय दादा, काढायलाच पायजे," आणि माझ्याकडं न बघता निघून जायचा.

धम्मचक्र दिनाला आमचा पुन्हा हुपरीत कार्यक्रम होता. मी नको नको म्हणत असताना त्यानं माईक मागून घेतला. त्याच मैदानात, त्याच लोकांसमोर, तो उभा राहून बोलला. कलाकारानं स्वाभिमानानं जगायला पाहिजे, हात पसरायचे नाहीत, मेडिक्लेम काढा. धाप लागत होती तरी थांबेना. मला वाटलं आता कुणीतरी हसेल, कुणीतरी ओरडेल. पैंजणवाली बाई पुढच्याच रांगेत होती. तिनं पहिली टाळी वाजवली. मग सगळं मैदान वाजवायला लागलं, आणि तो माझ्याकडं वळून असा बघत होता, जसा समेवर यायच्या आधी बघायचा. मी इतक्या माणसांची मिळून केलेली माया आयुष्यात दुसऱ्यांदा बघितली नाही.

हिवाळ्यात तो गेला. सकाळी शेडमध्ये उन्हाला बसला होता, ढोलकी शेजारी होती. मी चहा घेऊन आले तेव्हा सगळं आटपलं होतं. या वेळी कार्ड चालू होतं, मुदत थेट मे महिन्यापर्यंत होती. त्याला न्यायचंच कुठं उरलं नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं मावली नाहीत. भाषणं झाली. सगळ्यांनी सांगितलं की तो दूरदृष्टीचा होता, आजारपणाची तजवीज त्यानं आधीच करून ठेवली होती. तो नव्हता तरी कुणी खरं बोललं नाही. मी खाली बघत ऐकून घेतलं.

लोक पांगल्यावर पैंजणवाली बाई मागं थांबली. हुपरीहून बसनं आली होती. तिनं न विचारता भांडी घासायला घेतली आणि घासता घासताच म्हणाली, "वैनी, रागवू नगासा. आमच्या मालकांच्या छातीत बी दुकतंय आदनंमदनं. त्यो मेडिक्लेम काढावा म्हणत्योय आमी. तुमाला चालला न्हाय ते ठावं हाय मला. पर काय चुकलं तुमचं, तेवढं सांगा की."

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्यासाठी सगळे गप्प राहिले आणि त्यांच्याबरोबर मीही.

"तारीख बगून भरा," मी म्हटलं. "पौर्णिमा बगू नगा."

तिचा हात थांबला. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.